बाराला एक

पहिला फोटो म्हणजे उंबरठा, मी त्याला सांगितलं.
लोक अंगठ्याने घरं सरकवतात, टोइवो,
सिग्नलला थांबून, दातांच्या डॉक्टरकडे बसून.
पावणेदोन सेकंद. तेवढ्यात थबकले तर थबकले.

तो म्हणाला, हं.
दुलुथचे फिनी म्हातारे एका 'हं'मध्ये
निदान चार वाक्यं बोलतात.
मला त्यातली दोन कळतात.

फेब्रुवारीचा शेवट. जेवणाच्या टेबलावर
माझा लॅपटॉप, त्यात एकेचाळीस फोटो.
समोरून काढलेला: गॅरेजचं दारच दार,
घर त्याच्या मागे, पाहुणे आल्यावर
आईच्या पाठीशी दडलेल्या पोरासारखं.
स्वयंपाकघर: ओटा मी मोकळा केला होता,
कॉफीचं भांडं, गोळ्यांची डबी, रेडिओ
सगळं ओव्हनमध्ये कोंबून,
तरी खिडकीच्या काचेत त्याचं कोपर आलंच आहे.
वरच्या खोलीतून सुपीरियर सरोवर:
दोन छपरांच्या फटीत बोटभर निळं.
बोटभरही खपतं, मी म्हटलं.
तळघरातल्या सौनापाशी तो जरा रेंगाळला,
पण तो फोटो पहिला लावला तर
लोकांना वाटेल आपण खोका विकतोय.

उरला रस्त्यापलीकडून काढलेला.
खरं तर तोच. पिवळं घर, पांढऱ्या चौकटी,
बर्फावर तिरपं ऊन,
आणि डावीकडे अंगण अडवून बसलेला उतार.
लाकडी, कठड्याचा, मध्ये एकदा वळणारा,
अडीच फूट चढायला तीस फूट लांब.
एल्वीच्या चाकांच्या खुर्चीसाठी त्याने बांधलेला.
एल्वीला जाऊन चौदा महिने झाले.

हा पहिल्या फोटोत नको, मी म्हणाले.
उतार दिसला की लोकांना घर दिसत नाही, आजारपण दिसतं.
शक्य तितक्या हळू म्हणाले, पण म्हणाले.
स्प्रूसच्या आडून काढला की झाकला जातो,
नाहीतर डावी बाजू कापू,
नाहीतर मे महिन्यात उचकटून टाकू,
माझ्या ओळखीचा सुतार आहे.

तो स्क्रीनवर वाकला, चष्मा कपाळावर ढकलून.
आणि मी कॅमेऱ्यातून तीनदा बघितलेलं
तेव्हा मला दिसलं:
पुढच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ,
टपालपेटीच्या वाटेवर गुडघाभर बर्फ,
उतार तेवढा लख्ख. कडेकडेने खरवडलेला,
वर वाळू.

तू इथूनच ये-जा करतोस?
मागच्या दाराने, तो म्हणाला.

मी तरीही स्प्रूसवाला फोटो लावला.
पोट भरायचंय मला, आणि त्यालाही
एप्रिलपर्यंत बहिणीकडे जायचंय.
उतार गेला चौतिसाव्या नंबरावर,
बॉयलर आणि मीटरच्या मध्ये.

नऊ दिवसांत बासष्ट बदाम, फोन एकही नाही.
दहाव्या दिवशी विस्कॉन्सिनहून एक बाई.
सरोवराचं विचारलं नाही, शाळांचं नाही.
चौतिसाव्या फोटोतला उतार, तिने विचारलं,
किती चढाचा आहे?

मी फोन टोइवोपुढे धरला.
कोण, कशाला, काही न विचारता तो म्हणाला,
बाराला एक.
मग थांबेचना. खिळे नाहीत, स्क्रू आहेत,
थंडीने खिळे वर येतात, चाक अडतं.
वळणाला पाच फूट सपाट ठेवलंय,
खुर्ची तिथे श्वास घेते.
उत्तरेची बाजू आधी गोठते,
तिकडे वाळू रात्रीच टाकायची. सकाळी उशीर झालेला असतो.
महिनाभरात मी ऐकलेली
ही त्याची सगळ्यात लांब गोष्ट.

बाई अजून बघायला आलेली नाही. कदाचित येणारही नाही.
उद्या ऊन पडलं तर मी पुन्हा जाईन
रस्त्यापलीकडे, या वेळी डावी बाजू धरून.
त्याला सांगून ठेवलंय, आज रात्री वाळू नको,
फोटोत डाग दिसतात.

तो म्हणाला, हं.

टाकणार आहे तो.